मध्यम किमतीची इलेक्ट्रिक गिटार घेताना: बांधणी, पैशाचं मोल आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यम किंमत म्हणजे नेमकी किती धरायची?

पुण्यातल्या दुकानांत साधारण २५ हजार ते ६० हजार रुपयांचा टप्पा मध्यम धरावा. यामाहा पॅसिफिका ११२, स्क्वायर क्लासिक वाइब, कॉर्टच्या जी मालिकेतल्या गिटारी, आयबानेझ आरजीची खालची मॉडेल्स ही या टप्प्यातली नेहमीची नावं. एपिफोनची लेस पॉल स्टँडर्ड आणि पीआरएसची एसई मालिका वरच्या टोकाला, कधी टप्प्याच्या थोडी बाहेरही जाते. भाव डॉलरबरोबर हलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या व्हिडिओत ऐकलेली किंमत धरून दुकानात जाऊ नका.

सगळे पैसे मात्र गिटारीवर लावू नका. एकूण रकमेतले दहा-पंधरा टक्के सेटअप (तारांची उंची, नेकचा वाक, सूर नीट जुळवून घेणं), नवीन तारा, चांगली केबल आणि जाड अस्तराची बॅग यांसाठी बाजूला ठेवा.

पंधरा हजारांच्या आणि पस्तीस हजारांच्या गिटारीत खरा फरक कुठे असतो?

फ्रेटमध्ये, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांत. त्यानंतर नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचांची पट्टी), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) आणि आतली वायरिंग, साधारण याच क्रमाने.

बॉडी आणि नेक आज सगळीकडे सीएनसी मशीनवर कापली जाते. स्वस्त गिटारीचा आकारही त्यामुळे बिनचूक येतो आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण फ्रेट बसवल्यावर ते एका पातळीत घासणं, माथ्याला पुन्हा गोलाई देणं, टोकं कानशीने मोडणं आणि शेवटी पॉलिश करणं हे काम अजून बरंचसं हाताचं आहे, आणि हाताच्या कामाला वेळ लागतो. कंपनी पैसे वाचवते ती इथे. परिणाम असा, की स्वस्त गिटारीवर तार खेचली की फ्रेटवर खरखरीत घासल्यासारखी लागते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली आणली की मधलेच दोन-तीन फ्रेट बझ करतात आणि नेकवरून हात सरकवताना टोकं टोचतात.

हार्डवेअरचंही तसंच. स्वस्त ट्रेमोलोचा (दांडीने हलवायच्या ब्रिजचा) ब्लॉक बहुधा पातळ जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, ट्यूनरच्या दात्यांत खेळ असतो, पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग) लहान १६ मिमीचे असतात आणि जॅक (केबल खोचायची जागा) पातळ पत्र्याचा. १६ मिमीचा पॉट वाईटच असतो असं नाही, पण त्यातला हलका माल एका पावसाळ्यात खरखरायला लागतो.

साधारण सत्तर हजारांच्या पुढे वाढीव पैसे मुख्यतः फिनिश, नाव आणि बारीक आरामासाठी जातात. शिकणाऱ्याला किंवा कॉलेजच्या बँडला सगळ्यात जास्त परतावा पंचवीस ते पंचेचाळीस हजारांत मिळतो, हे आमचं ठाम मत आहे.

दुकानात गिटार हातात आली की काय तपासायचं?

आधी अँप बंद ठेवा. अँपचा आवाज बांधणीतले दोष झाकतो, आणि विक्रेता डिस्टॉर्शन लावून देतो तेव्हा तर काहीच कळत नाही.

गिटार सुरात लावून घ्या. बॉडीच्या टोकाकडून नेकच्या कडेवर एक डोळा लावून हेडस्टॉककडे बघा. तारांच्या खाली अगदी हलकी खोलगट वक्रता दिसली तर ठीक. नेक पिळलेली दिसली, म्हणजे जाड तारेची कड आणि बारीक तारेची कड वेगवेगळ्या वळतायत, तर गिटार तिथेच परत द्या. वाक ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, आवळता येणाऱ्या धातूच्या दांडीने) काढता येतो, पीळ काढता येत नाही.

मग अंगठा आणि तर्जनी नेकच्या दोन्ही कडांवरून पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत फिरवा. एखाद-दुसरं टोक लागलं तर ते घासून घेता येईल, सगळीच लागत असतील तर दुसरी गिटार मागा.

फ्रेटची पातळी बघायला एटीएम कार्ड पुरतं. कार्डाची ५४ मिमीची आखूड कड दोन तारांच्या मधून, नेकच्या लांबीत, फ्रेटांवर उभी टेकवा. सहाव्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत ही कड एका वेळी बरोबर तीन फ्रेटांवर बसते. कार्ड मधल्या फ्रेटवर टक-टक असं डुललं, तर तो फ्रेट उंच आहे. दोन-तीन जागी डुललं तर फ्रेट लेव्हलिंगचा खर्च किमतीत धरा किंवा ती गिटार सोडा.

नट तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. साध्या कागदाच्या जाडीइतकी फट हवी. व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर नट उंच आहे. अशा गिटारीवर एफ कॉर्ड पकडताना बोटं दुखतात आणि पहिल्या तीन फ्रेटांवरचे सूर चढे लागतात. नवशिके स्वतःच्या बोटांना दोष देतात, दोष नटचा असतो. उंच नट कानशीने खाली आणता येतो, खाचा जास्त खोल गेल्या असतील तर तो बदलावा लागतो.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पाच मिनिटं लागतात, तरी करा. मग जी आणि बी तार बाराव्या फ्रेटवर पूर्ण एक सूर खेचून सोडा आणि सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्रावर बघा. सूर जागेवर यायला हवा. शेवटी दोन्ही ई तारा फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का आणि नेक व बॉडीच्या जोडात फट नाही ना, हे बघा.

आता अँप लावा, आवाज स्वच्छ ठेवा. व्हॉल्यूम आणि टोन शून्य ते दहा फिरवा, स्विचच्या सगळ्या जागा बघा, जॅकमधली केबल हलवून बघा. पेचकसाच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर (तारांखालचं, त्यांचा आवाज पकडणारं चुंबकाचं साधन) हलकेच टकटक करा, म्हणजे स्विचच्या कुठल्या जागेला कुठला पिकअप चालू आहे ते कळतं.

एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी मागवून बघायला संकोच करू नका. या किमतीत एकाच खोक्यातून निघालेल्या दोन गिटारींत पाच हजारांचा फरक वाटावा इतकं फ्रेटचं काम वेगळं असू शकतं.

लाकडाला किती महत्त्व द्यायचं?

वजन आणि टिकाऊपणापुरतं. पॉप्लर, बासवुड, ऑल्डर, न्यातो, महोगनी ही या टप्प्यातली नेहमीची लाकडं. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) आकाराची गिटार साधारण ३.२ ते ३.८ किलोची असते, लेस पॉल आकाराची ४ किलोच्या आसपास. दोन तास उभं राहून वाजवायचं असेल तर हा आकडा लाकडाच्या नावापेक्षा जास्त उपयोगाचा.

फ्रेटबोर्डबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१७ च्या जानेवारीत रोजवुडच्या सगळ्या डालबर्जिया जातींवर साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली निर्बंध आले आणि कंपन्या पर्यायी लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर ‘इंडियन लॉरेल’ स्वस्त आणि मध्यम गिटारींवर स्थिरावलं होतं. हे लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन, आणि भारतीय रोजवुड म्हणजे शिसव. ऐनाचा फ्रेटबोर्ड रंगाने फिकट आणि कोरडा दिसतो म्हणून लोक हलका समजतात. वर्षातून दोनदा फ्रेटबोर्डच्या तेलाचे चार-पाच थेंब चोळून पुसले की तो छान राहतो. मेपलच्या लॅकर मारलेल्या फ्रेटबोर्डला तेल लावू नका.

‘मेड इन चायना’ किंवा ‘इंडोनेशिया’ दिसलं की टाळायची का?

नाही. इंडोनेशियात सुराबायाला कॉर-टेकचा कारखाना आहे. ही कॉर्टचीच कंपनी, आणि तिथे कॉर्टबरोबर इतर मोठ्या ब्रँडच्या गिटारीही बनतात. पीआरएसच्या एसई मालिकेतल्या बहुतेक गिटारी तिथल्याच. एपिफोनचा कारखाना चीनमध्ये चिंगदाओला आहे. स्क्वायरच्या सिरियल नंबरची सुरुवात ‘आयसीएस’ने असेल तर ती इंडोनेशियात कॉर्टने बनवलेली, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. जुनी गिटार घेताना वय काढायला हे कामाला येतं.

कारखाना एकच असला तरी ब्रँड किती पैसे मोजतो आणि किती माल नापास करतो यावर दर्जा ठरतो. म्हणून देश बघून ठरवू नका, हातातली गिटार तपासा.

एप्रिलमध्ये फ्रेटची टोकं अचानक टोचायला लागली. गिटार खराब निघाली का?

बहुधा नाही. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. फ्रेटबोर्डचं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, धातूचा फ्रेट आकसत नाही, मग त्याची टोकं बाहेर येतात. लाकूड कारखान्यात नीट वाळवलेलं नसेल तर हे जास्त होतं. टोकं एकदा बारीक कानशीने मोडून घेतली की पुढच्या उन्हाळ्यात बहुधा त्रास होत नाही.

पावसाळ्यात उलट घडतं. लाकूड फुगतं, नेक हलते आणि ॲक्शन बदलते. तारा तर महिन्याभरात गंजतात, म्हणून जून ते सप्टेंबर कोटेड (पातळ लेप दिलेल्या) तारा लावणं परवडतं. वाजवून झालं की तारा वरून आणि खालून कोरड्या सुती फडक्याने पुसा.

शंभर-दोनशे रुपयांचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) केसमध्ये ठेवा. ४५ ते ५५ टक्के ही गिटारीला मानवणारी पातळी. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात ठेवा आणि दिवाळीनंतर काढून टाका, नाही तर उन्हाळ्यात त्याच लाकूड आणखी सुकवतात. गिटार उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका.

सेटअप घरी करता येतो का?

येतो. फक्त क्रम मोडू नका: नवीन तारा, ट्यूनिंग, नेकचा रिलीफ (हलकी वक्रता), ॲक्शन, इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर खरा लागणं), पिकअपची उंची. प्रत्येक पायरी पुढची पायरी हलवते, म्हणून उलट सुलट केलं की तेच काम दोनदा करावं लागतं.

लागतं काय? अर्धा मिलिमीटर वाचता येईल अशी स्टीलची पट्टी, ट्यूनर, गिटारीबरोबर आलेल्या ॲलन की, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्यांचा संच). फीलर गेज वाद्यांच्या दुकानात शोधत बसू नका. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच हा, नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो.

रिलीफसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ०.२ ते ०.३ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि दर पाव फेऱ्यानंतर पुन्हा सुरात लावून मोजा. रॉड कडक लागला तर जोर करू नका, जाणकाराकडे न्या. इंची की मिलिमीटरच्या नटमध्ये घातली की कोपरे झिजतात आणि रॉड कायमचा अडकतो. घरगुती सेटअपमधलं सगळ्यात महाग नुकसान हेच.

ॲक्शन कॅपो काढून, मोकळ्या तारेवर, बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड ई २ मिमी, बारीक ई १.६ मिमी ही सुरुवातीची चांगली मापं. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांनी पाव मिलिमीटर वर ठेवावी.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर यांची ट्यूनरवर तुलना करा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता भाग) मागे न्या, उतरा असेल तर पुढे आणा. हे जुन्या गंजक्या तारांवर कधीच जुळत नाही.

पिकअपची उंची तार शेवटच्या फ्रेटवर दाबून मोजा: जाड बाजूला २.४ मिमी, बारीक बाजूला २ मिमी. सिंगल कॉइल (तारेच्या एकाच वेटोळ्याचे पिकअप) याहून बरेच वर आणले तर चुंबक तारेला ओढतं आणि जाड तारांवर वरच्या फ्रेटांत सूर डळमळतो.

गिटार सुरात राहत नाही. ट्यूनर बदलू?

थांबा. दहातल्या आठ वेळा दोष ट्यूनरचा नसतो. आधी तारा नीट गुंडाळल्या आहेत का बघा, पोस्टवर दोन-तीन वेढे पुरतात. नवीन तारा लावल्यावर हाताने ताणून पुन्हा सुरात लावा, हे तीन-चार वेळा करा. मग नट बघा. ट्यूनर फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. त्याने सुधारलं म्हणजे नट नीट कापून घ्यायला हवा.

ट्रेमोलो वापरत नसाल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखेच आवळत न्या, ब्रिज बॉडीवर टेकेपर्यंत. सूर टिकतो आणि एक तार तुटली तरी बाकीच्या बिघडत नाहीत. कॉलेजांच्या फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत मध्येच तार तुटली तरी प्रयोग पुढे नेता येतो.

फ्लॉइड रोज (तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा तरंगता ट्रेमोलो) असलेली गिटार या किमतीत घ्यावी का?

आमचा सल्ला, नको. परवान्यावर बनवलेल्या स्वस्त युनिटांत ब्रिजची धार मऊ धातूची असते, ती झिजली की ब्रिज मूळ जागी परत येत नाही. शिवाय तारांचा गेज बदलला की सगळा समतोल नव्याने लावावा लागतो.

गुणगुण आणि खरखर कशामुळे होते?

सिंगल कॉइल पिकअप थोडा गुणगुणतोच, तो दोष नाही. ट्यूबलाइट, डिमर आणि मोबाइल चार्जर जवळ असले की गुणगुण वाढते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटारीची अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकचा बाहेरचा भाग यांच्यातला रोध मोजा. तो जवळपास शून्य ओहम यायला हवा. आला नाही तर ब्रिजला जाणारी अर्थची वायर सुटली आहे.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच वाजवणं थांबवा आणि प्लग काढा. दोष बहुधा घरातल्या अर्थिंगचा किंवा अँपचा असतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अँपच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका.

पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आत मारून पॉट वीस-तीस वेळा फिरवा. जॅक सैल झाला तर बाहेरून नुसता नट आवळू नका, आख्खा जॅक आत फिरतो आणि वायर तुटते. पट्टी उघडून जॅक आतून धरा, मग आवळा. पॉट, कपॅसिटर, सोल्डर, मल्टिमीटर हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. सिंगल कॉइलला २५० किलोओहम आणि हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० किलोओहमचे पॉट मागा, आणि दांड्याची जाडी जुळवायला जुना पॉट सोबत न्या.

पिकअप बदलले तर स्वस्त गिटार महागासारखी वाजेल का?

आवाज बदलेल, वाजवायला तशीच राहील. खर्चाचा आमचा क्रम असा: सेटअप आणि तारा, मग नट, मग फ्रेटचं पॉलिश, मग पॉट आणि जॅक, मग ट्यूनर, आणि पिकअप सगळ्यात शेवटी. पिकअपसाठी ठेवलेले पैसे बऱ्याचदा बरा अँप घ्यायला वापरलेले बरे. चाळीस हजारांची गिटार खेळण्यासारख्या अँपमधून चाळीस हजारांची वाटत नाही. एकूण पैशांतले निदान एक तृतीयांश अँपसाठी ठेवा.

ब्रिज बदलायचा असेल तर त्यावरच्या तारांमधलं अंतर आधी मोजा. बऱ्याच आशियाई स्ट्रॅट-पद्धतीच्या ब्रिजवर ते १०.५ मिमी असतं, त्यामुळे अमेरिकन मापाचा ब्रिज थेट बसेलच असं नाही.

मींड आणि गमक वाजवायची आहे. काय बघून घ्यावी?

फ्रेटबोर्ड जितका सपाट तितकी लांब मींड मोकळी. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंच रेडियसवर (फ्रेटबोर्डच्या गोलाईचं माप) ॲक्शन खाली असताना बारीक तार वर खेचली की सूर मध्येच बंद पडतो. १२ इंच किंवा त्याहून सपाट घ्या, फ्रेट उंच घ्या, तारा ९-४२ (बारीक ०.००९ ते जाड ०.०४२ इंच). २४.७५ इंच स्केलची (नट ते ब्रिज तारेच्या लांबीची) गिटार २५.५ इंचवालीपेक्षा मऊ लागते, कारण त्याच सुराला तारेवर ताण कमी पडतो. तासन्‌तास मींड घेणाऱ्यांचे नेहमीचे फ्रेट लवकर झिजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे मिळत असतील तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

जुनी घ्यावी का?

जरूर, पण फ्रेट बघून. तारांखाली खोल खड्डे पडले असतील तर रीफ्रेटचा (सगळे फ्रेट नवे बसवण्याचा) खर्च जुन्या गिटारीच्या किमतीला खाऊन टाकतो. ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा फिरतो का, हे मालकासमोर बघा. पिकअप मूळचेच आहेत का कळायला केबल लावून मल्टिमीटरने रोध मोजा: सिंगल कॉइल साधारण ५.५ ते ७ किलोओहम, साधा हंबकर ७ ते ९ च्या आसपास, जास्त आउटपुटचा १४-१६ पर्यंत.

चाळीस हजारांत ‘ओरिजिनल गिब्सन’ मिळत असेल तर ती नकली समजा. गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलींना पुष्कळदा तीन.

ऑनलाइन मागवली तर?

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, जीएसटीचं बिल जपून ठेवा आणि परत करण्याची मुदत आधी वाचा. वर दिलेली सगळी तपासणी त्या मुदतीत करा. सेटअपला मात्र मुदत संपल्यावरच हात घाला, ट्रस रॉड फिरवलेली गिटार परत घ्यायला दुकानं कुरकुर करतात.

दुचाकीवरून नेताना काय काळजी घ्यावी?

बॅगेचं अस्तर निदान २० मिमीचं हवं. पाठीवर घेतलेल्या बॅगेचं टोक डोक्याच्या वर जातं, पार्किंगचं शटर आणि खाली आलेल्या फांद्या तिथेच लागतात. मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या, म्हणजे लेस पॉल पद्धतीच्या गिटारी नटच्या मागे नेमक्या अशाच धक्क्याने तुटतात. पायांत आडवी ठेवून नेऊ नका, हँडल वळताना नेकवर दाब येतो. पावसात बॅगेवर वेगळं रेनकव्हर घाला, आणि घरी पोचल्यावर बॅग उघडून गिटार बाहेर काढून ठेवा, कारण ओल्या बॅगेत रात्रभर राहिली की स्क्रू, सॅडल आणि जॅक आधी गंजतात.